रान तयार ठेवा

शनिवारी सकाळच्या गाडीनं आमचे पहिले पाहुणे दौंडला उतरणार, हा फोन आला तेव्हा मी रांजणगावच्या कंपनीत लाइनवर उभी होते. हातातला मापाचा गेज ठेवला आणि शेजारच्या बाईला मिठीच मारली. सुपरवायझर बघत होता. बघू दे म्हटलं. माझ्या नोटीस पिरियडचा तो शेवटचा आठवडा होता आणि मला आता कुणाची भीडभाड उरली नव्हती.

आमची जमीन शिरूर आणि दौंडच्या मधे आहे. खालच्या अंगाला, भीमेकडं, ऊस. वर आठ एकर माळ. बाभळी, हिवर, बोरी, पिवळा तरवड आणि कमरेएवढं गवत. लग्न होऊन आले त्या वर्षीच मला या माळानं वेड लावलं. सकाळी तितर ओरडायला लागले की तव्यावरची भाकरी करपायची आणि मी दारात उभी. सासरी मात्र सगळे त्याला पडीक म्हणत. पडीक म्हणजे अजून ज्याचं काही केलेलं नाही ते.

पैसे देऊन चार दिवस माळावर राहायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी मी तिथं दोन खोल्या बांधल्या. दगडाचा पाया, मातीच्या भिंती, माती मळताना त्यात गव्हाचा भुसा आणि शेण. वर उसाच्या पाचटाचं जाड छप्पर. खिडक्या वाऱ्याच्या तोंडावर, म्हणून आत पंखासुद्धा लागत नाही. अंघोळीचं पाणी केळीला जातं. एकही झाड तोडायचं नाही हा माझा हट्ट, त्यामुळं दुसरी खोली एका बोरीला वळसा घालून वाकडी उभी आहे. गवंडीमामांना याची फार लाज वाटली. सगळा गाव मातीची घरं पाडून सिमेंटची बांधतोय आणि ही बाई उलटं करते, असं ते चहाच्या टपरीवर सांगत. शहरातली माणसं इथं खोपटात राहायला येणार म्हटल्यावर टपरीवर किती हसले असतील, याचा मी विचार करत नसे. केला असता तर भांडायला गेले असते. माझा स्वभावच तसा आहे.

आप्पा, म्हणजे माझे सासरे, हसले नाहीत. त्यांनी सरळ अट घातली. "उन्हाळाभर बघ. पाहुणं टिकलं तर ठीक. न्हाईतर जेसीबीनं लेव्हल मारायची आन् वर बी ऊस करायचा." मी तोऱ्यात हो म्हटलं. गावातला जेसीबीवाला दर आठ दिवसांनी फोन करून कधी येऊ विचारायचा, आणि आप्पा त्याला कळवतो म्हणायचे.

तर त्या दिवशी मी कंपनीतूनच आप्पांना फोन लावला. आनंदानं माझा आवाज चढला होता. पाहुणे येतायत म्हणून सांगितलं आणि शेवटी म्हटलं, "आप्पा, रान तेवढं तयार ठेवा."

"व्हय, ठेवतो की," ते म्हणाले.

मला म्हणायचं होतं की पायवाटेवरचे काटे उचला, माठ भरा, कुत्रं बांधून ठेवा. एवढंच.

शुक्रवारी फर्स्ट शिफ्ट संपली. कंपनीच्या बसनं फाट्यावर सोडलं, तिथून स्कूटी घेतली आणि गाणं म्हणत निघाले. खरंच म्हणत होते, मोठ्यानं. पोत्यात भरून ठेवलेल्या नव्या चादरी, पाहुण्यांसाठी हुलग्याचं पिठलं, काय काय डोक्यात चाललं होतं. वळणावर ट्रॅक्टरचा आवाज आला. मग ताज्या मातीचा वास आला. मग मी बघितलं.

खोल्यांच्या समोरचे दोन एकर नांगरून पडले होते. गवत उलथंपालथं, तरवड मुळासकट बांधावर, चार-पाच बाभळी आडव्या. नांगराचा फाळ दगडाला लागून मोडला होता, म्हणून वरचे सहा एकर वाचले होते. आप्पा ट्रॅक्टरवरून उतरले, पटक्यानं तोंड पुसलं आणि कौतुकानं म्हणाले, "बघ, कसं लोण्यावानी केलंय."

चूक माझीच होती, हेच मला जास्त झोंबलं. आमच्याकडं रान म्हणजे शेत. रान तयार करणं म्हणजे नांगरून, कुळवून पेरणीजोगं करणं. दोनच दिवसांपूर्वी कांद्याचं रान तयार झालं का, असं मीच त्यांना विचारलं होतं. पण त्या वेळी कसला समजूतदारपणा. मी तिथंच ढेकळात बसले आणि रडत रडत त्यांना सांगितलं की ती माणसं गवतच बघायला येणार आहेत.

"गवात कोण बघतंय?" आप्पा म्हणाले. मग माझ्या तोंडाकडं बघितलं, मोडका फाळ उचलला आणि घरी गेले. रात्री जेवलेही नाहीत.

सकाळी माझा नवरा, तो दौंडला रेल्वेत आहे, पाहुण्यांना स्टेशनवरून घेऊन आला. पुण्याचं जोडपं, दोघं शाळेतून निवृत्त झालेले. बाईंच्या गळ्यात दुर्बीण. त्या गाडीतून उतरल्या आणि नांगरटीकडं बघत राहिल्या. मला थापा मारता येत नाहीत. मी रान या शब्दाची सगळी कथा सांगून टाकली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली आणि विचारलं, "मधे ते काय राहिलंय?"

नांगरटीच्या मधोमध खुरट्या गवताचा एक तुकडा तसाच राहिला होता, वाकळेएवढा. नांगराच्या ओळी त्याच्याजवळ येऊन वळल्या होत्या. आदल्या दिवशी रागाच्या भरात मला तो दिसलाच नव्हता.

आप्पा लांब बांधावर उभे होते. तिथूनच अवघडून म्हणाले, "टिटवीची अंडी हायेत. चार. ती उठंना, मग म्या ट्रॅक्टर वळवला."

"असं नेहमी सोडता?" बाईंनी विचारलं.

"सोडायचंच की. माझ्या बापानं औत वळवलं, म्या ट्रॅक्टर वळवतो."

बाईंनी नवऱ्याचा हात घट्ट धरला. टिटवी मान ताठ करून अंड्यांवर बसलेली होती, आणि ते दोघं कुजबुजत एकमेकांना दुर्बीण देत होते. मग त्यांनी आप्पांना विचारलं, वर अजून काय काय आहे. आप्पांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि चालायला लागले.

तो दिवस मी जन्मात विसरणार नाही. ससा दुपारी कुठल्या बोरीखाली दडतो, हरणं कुठल्या खडकाआडून उतरतात, घोरपडीचं बीळ कुठं, तितराचा माग कसा ओळखायचा, सगळं आप्पांना पाठ. लहानपणी गुरं चारताना शिकलेलं. मी त्यांच्या मागं पळत होते, उन्हानं तोंड लाल झालेलं, आणि मला नाचावंसं वाटत होतं. दहा वर्षं एका घरात राहून मला पत्ता नव्हता की या माळाचं वेड माझ्या आधी त्यांना लागलेलं होतं. पाहुणे रविवारी जाणार होते, ते सोमवारपर्यंत राहिले. जाताना श्रावणातल्या चार दिवसांचं बोलून गेले.

त्यांना सोडायला गाडी फाट्याकडं वळली आणि आप्पांचा फोन वाजला. जेसीबीवाला होता. मशीन मोकळं आहे, उद्या लेव्हल मारायला आणू का म्हणत होता. त्याचा आवाज मला लांबूनही ऐकू येत होता. मी हातातली चादर तशीच धरून उभी राहिले.

आप्पांनी वरच्या गवताकडं बघितलं, मग त्या टिटवीकडं.

"नगं आणू," ते फोनवर म्हणाले. "रान तयार हाय."