गाळण्याचा पायजमा

लेकीनं जपानहून मला झोपायला दुपदरी, जाळीदार सुती पायजमा पाठवलाय. त्याला हात लावला आणि सदलग्यातला लहानपणीचा उन्हाळा आठवला. माझ्या अंगभर घामोळं उठलं होतं. आमच्या जैन घरात पाणी दुपदरी कापडातनंच गाळायचे. तसली दोन विरलेली गाळणी जोडून आईनं मला पायजमा शिवला. मी रुसले. "गाळणं घालून झोपू व्हय?"

आई दातानं दोरा तोडत म्हणाली, "पाण्यातल्या जीवास्नी ह्यानं कवा दुखवलं न्हाय. तुला टोचंल व्हय गं?"

झोप लागली छान, पण सकाळी तो मी लपवून वाळत घातला.

जपानी पायजमा मात्र पुढच्या दारात वाळतोय. शेजारीण कौतुकानं विचारते, "कुठला गं?"

"आमच्या आईनं शिवला होता, तसला."