वन्सं निघाल्या सायकलवर

सगळं ठाणे शहर गाडीत बसून हॉर्न वाजवतं ते केवळ आपल्याला सलामी द्यायला, अशी पक्की समजूत असलेली एकच बाई मी पाहिली आहे, आणि ती माझी थोरली नणंद आहे. वन्सं बाळकुमला आमच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर राहतात. वागळे इस्टेटमधल्या एका औषधांच्या कारखान्यात मोठ्या अधिकारी आहेत आणि साठीला टेकल्या तरी कामावर सायकलने जातात. अंबाड्यावर हेल्मेट बसेना, तेव्हा त्यांनी अंबाडा मानेवर उतरवला, पण सायकल सोडली नाही. कापूरबावडीला गाड्या तुंबल्या की त्या कडेने पुढे सरकतात, आणि काचेआड कुणी ओळखीचं दिसलं तर वाकून सांगतात, "मी होते पुढे, तुम्ही या सावकाश." हे ऐकून आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी इतके दुखावले की त्यांनी रस्ताच बदलला. कारखान्यात वन्संच्या हुद्द्याला गाडीसाठी राखीव जागा आहे. तिच्या बरोब्बर मधोमध त्या सायकल उभी करतात. नव्या साहेबांनी ती जागा मागितली, तर म्हणाल्या, "जागा हुद्द्याला दिलीय, चाकांना नाही." साहेब अजून गेटाबाहेर गाडी लावतात. संध्याकाळी नाक्यावरच्या कोळणीकडची मासळी हँडलला लटकवून वन्सं परततात आणि जिन्यातूनच सांगतात, "आज खाडीकडून काय वारं सुटलं होतं गं!" जणू ते वारं खास त्यांच्यासाठीच सुटलं होतं.

मागच्या वर्षी मात्र एका खड्ड्यात त्या पडल्या आणि मनगट मोडलं. हात प्लास्टरमध्ये गेला. माझा नवरा, म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, रोज त्यांना गाडीने सोडू लागला. एसी, गाणी, पाठीला उशी, सगळा थाट. पण वन्सं दिवसेंदिवस गप्प होत गेल्या. एकदा मला म्हणाल्या, "अगं, आज त्या कोळणीला हात केला. तिनं बघितलं आणि तोंड फिरवलं. काचेतून ओळखलंच नाही मला."

प्लास्टर निघालं, मनगट धड झालं, डॉक्टरांनीही हरकत घेतली नाही. दुसऱ्याच सकाळी वन्सं सायकल पुसायला लागल्या, तर नवरा आडवा आला.

"ताई, पुरे आता. पुन्हा पडलीस तर?"

"तर पुन्हा उठेन. सर बाजूला."

तो सरला, पण न सांगता गाडी काढून त्यांच्या मागे गेला. कापूरबावडीला अडकला आणि ताई दिसेनाशी झाली. घामाघूम होऊन कारखान्याच्या गेटपाशी पोहोचला, तेव्हा वन्सं टपरीवर अर्धा चहा संपवून बसल्या होत्या. "आलास? घे, चहा घे," एवढंच म्हणाल्या. घरी येऊन त्याने ही गोष्ट अख्ख्या इमारतीला सांगितली, आणि अशा अभिमानाने, की जणू सायकल तोच चालवून आला होता.

तेव्हापासून दिवेलागणीला नवरा कचरा टाकायचं निमित्त करून खाली उतरतो. मी गॅलरीतून बघते. रिकामी बादली हातात धरून तो फाटकाशी रस्त्याकडे तोंड करून उभा असतो. वन्सं येतात, त्याला बघतात आणि सायकलवरून उतरतात. मग सायकल मधे घेऊन दोघं हळूहळू आत येतात. अलीकडे त्या जरा उशिरा येतात, आणि तो जरा लवकर खाली जातो.