शिवेवरचं स्टेशन

आमच्या स्टेशनाइतकं बिनडोक स्टेशन साऱ्या मुलखात नसेल. निजामाच्या अमदानीत मी हिंगोलीच्या कचेरीत नकलनवीस होतो. सकाळच्या गाडीनं जायचं, संध्याकाळच्या गाडीनं परतायचं. म्हणजे रोज दोनदा त्या स्टेशनाचं तोंड पाहणं नशिबी होतं.

रेल्वे आली तेव्हा आमच्या गावचे जमीनदार आणि ओढ्यापलीकडच्या गावचे तसलेच दुसरे, दोघांनीही स्टेशन आपल्या वावरात यावं म्हणून इंजिनिअरसाहेबाला कोंबड्या खाऊ घातल्या. साहेबानं दोन्हीकडच्या खाल्ल्या आणि स्टेशन नेमकं शिवेवर बांधलं. तिथून दोन्ही गावं सारखीच लांब! शिवेचा दगड फलाटावरच राहिला. रेल्वेवाल्यांनी त्यालाही चुना फासला. फलाट कसला, मुरमाचा ढीग. पूर्णेकडचा भाग आमचा. त्यात मास्तरची खोली, तिकिटाची खिडकी आणि पार टोकाला इंजिनासाठी पाण्याची टाकी. हिंगोलीकडचा भाग त्यांचा. त्यात बायकांची वेटिंगरूम, जिच्यात शेळ्यांखेरीज कुणी बसल्याचं मी पाहिलं नाही. तिकिटासाठी आमच्या हद्दीत पाऊल टाकावं लागतं, म्हणून पलीकडचे जमीनदार बिनतिकिटाचे जात आणि याला बाणा म्हणत.

अशा स्टेशनावर माझ्या थोरल्या बहिणीचा नवरदेव उतरायचा होता.

आमच्याकडे नवरदेवाला शिवेवर गाठून पूजतात, मगच त्याचं पाऊल गावात पडतं. म्हणून वडिलांनी आधीच निरोप धाडला होता, की वऱ्हाडानं शेवटच्या डब्यात बसावं. हिंगोलीकडून येणारं इंजिन थेट टाकीखाली थांबतं. शेवटचा डबाच तेवढा शिवेबाहेर राहतो. पण नवरदेवाचा बाप नव्हता आणि कारभार मामाच्या हाती होता. हा मामा म्हणजे मिशीला तूप आणि डोक्यात भुस्सा. शेवटचा डबा म्हणजे अपमान असं त्यानं ठरवलं आणि सगळं वऱ्हाड इंजिनामागच्या पहिल्या डब्यात कोंबलं.

घरून निघताना हळद लागलेल्या बहिणीनं मला बाजूला घेतलं होतं. “पोरगं मामाच्या ओंजळीनं पाणी पेणारं असंल तर माझा जन्म जायचा रे,” ती म्हणाली. मी तरी त्याला कुठं पाहिलं होतं!

गाडी आली. आम्ही ताट, वाजंत्री घेऊन चुना फासलेल्या दगडापाशी, आणि मामा तिकडे टाकीजवळ खिडकीतून अर्धा बाहेर.

“पूजा इकडं आणा!”

“अहो मामासाहेब, शीव हितं हाय!” वडील ओरडले. “तिला काय खांद्यावर घेऊन येऊ?”

“मंग नवरदेव उतरत न्हाई! बिनपूजेचा उतराया तो काय पटकीची साथ पसरवाया आलाय?”

वाजंत्रीवाल्यांना यात काय सुख वाटलं कोण जाणे, त्यांनी जोर धरला. मास्तर टोपी सावरत धावले. “अरे भई, गाडी तुम्हारे बाप की नै! उतरना है तो उतरो, नै तो पूर्णा जाव!” इंजिनाचं पाणी भरून झालं. गार्डानं शिटी फुंकली. नवरदेव पूर्णेला गेला तर गोरज मुहूर्त गेलाच, आणि हळद लागलेली पोर मांडवात तशीच. मामा मात्र बाणेदारपणे मिशीवर हात फिरवत होता.

तेवढ्यात पहिल्या डब्याचं दार उघडलं. फेटेवाला एक सडपातळ तरुण बाहेर आला, डब्याच्या पायफळीवर उभा राहिला आणि दांड्या धरत धरत मागे सरकू लागला. एका डब्यावरून दुसऱ्यावर लांब ढांग, मग तिसऱ्यावर. आमच्या मुरमाला त्यानं पायाचा अंगठासुद्धा लावला नाही.

“आरं काहून चाललास? माघारी फिर!” मामा किंचाळला. “मी काय सांगून राहिलो!”

“तुमी बसा, मामा!”

इंजिन हललं. आता गाडी त्याला गावात ओढत होती आणि तो उलटा शिवेकडे धावत होता. वाजंत्री गप्प झाली. शेवटच्या डब्याच्या शेवटच्या दांडीवरून त्यानं उडी मारली, ती दगडाच्या बरोबर पलीकडे. गुडघ्यावर पडला, उठला, फेटा सारखा केला आणि वडिलांना म्हणाला, “करा पूजा. लवकर करा.”

बाकीचं वऱ्हाड धडाधड उड्या मारून उतरलं. मामा उतरला नाही. माणूस तत्त्वाचा! पुढच्या स्टेशनावरून खडी तुडवत तो आला, तेव्हा पंगत उठली होती.

अंतरपाट दूर झाला, तेव्हा बहिणीला पहिल्यांदा दिसले ते नवऱ्याचे हात. त्या दांड्यांच्या काजळीनं कोळशासारखे काळे झालेले. मी तिला तोवर काही सांगू शकलो नव्हतो; पण मांडवात बायकांच्या तोंडी दुसरा विषयच नव्हता. तिनं हार खाली धरला, पदराचं टोक ओढलं आणि साऱ्या गावादेखत, भटजी ‘अहो, अहो’ करत असताना, ते हात पुसायला घेतले.