चाच्यांच्या पार्टीचा केक

लोहाऱ्याच्या बसस्टँडजवळ खाजाभाईंची बेकरी आहे. त्यांचा थोरला अक्रम तिथंच पाव भाजायला शिकला, मग पुण्याच्या हॉटेलात गेला आणि तिथून एका परदेशी पर्यटन जहाजावर लागला. आई बेगमबी शेजारणींना कौतुकानं सांगायची, माझा लेक रोज समुद्र बघतो. खरं तर त्याची भट्टी जहाजाच्या पार तळात होती. तिथं खिडकीसुद्धा नव्हती.

समुद्र त्याला नीट दिसला तो समुद्री चाच्यांच्या, म्हणजे जहाजं लुटणाऱ्यांच्या भीतीमुळं. दुबई सोडून जहाज एडनच्या आखाताकडं निघालं, तसे कठड्यांवर काटेरी तारांचे वेढे चढले. कुणी जहाजावर चढू लागलं तर त्याच्यावर मारा करायला पाण्याचे जाड पाइप जोडून ठेवले. बंदूकवाले रखवालदार आले, पण मोजकेच. म्हणून पहाऱ्याला स्वयंपाकघरातली माणसं लावली. अक्रमनं पाव भाजायचे आणि झोपायच्या वेळेत दुर्बीण घेऊन उघड्या डेकवर उभं राहायचं.

प्रवाशांना मात्र पडदे ओढून आत बसायला सांगितलं होतं. त्यांचा जीव रमावा म्हणून मॅनेजरनं चाच्यांची पार्टी ठरवली. डोळ्यावर काळी पट्टी, कमरेला प्लॅस्टिकची तलवार. केक अक्रमनं करायचा, वर साखरेची कवटी लावायची. कवटीचे दात कोरताना त्याचं डोकं तापलं होतं. आपण बाहेर जीव मुठीत धरून उभं राहायचं आणि ह्यांनी आत त्याच भीतीचा तमाशा मांडायचा!

पार्टीच्या दिवशी सकाळी तो पहाऱ्यावर असताना एक छोटी होडी जहाजाकडं येताना दिसली. त्यानं लगेच वॉकीटॉकीवरून कळवलं. रखवालदार धावत आला, बंदूक रोखून त्यानं नीट पाहिलं. होडीत एक म्हातारा आणि दोन बाप्ये होते. म्हाताऱ्यानं एक मोठा मासा दोन्ही हातांनी डोक्यावर धरला होता. आम्ही मासे मारणारे आहोत, गोळी घालू नका, एवढंच त्याला सांगायचं होतं. रखवालदारानं बंदूक खाली केली. अक्रमचा जीव भांड्यात पडला आणि त्यानं हात हलवला. म्हाताऱ्यानंही हलवला. होडी दूर गेली.

दुपारी मॅनेजरनं बोलावलं. पडद्याच्या फटीतून एका बाईंनी अक्रमचा हात हलवतानाचा फोटो काढला होता. दाढीवाला माणूस चाच्यांना खुणा करतोय, अशी त्यांची तक्रार होती.

"साहेब, रखवालदाराला विचारा."

"विचारलं. तू काही केलं नाहीस, मला माहीत आहे."

"मग?"

"लोक घाबरलेत. दाढी काढ. आणि बंदर येईपर्यंत कुणाच्या नजरेला पडू नकोस."

अक्रमचं डोकं फिरलं. ह्याला खरं माहीत आहे, आणि तरीही! त्यानं दाढी काढली नाही. संध्याकाळी केकची गाडी दुसऱ्याच्या हातून ओढून घेतली आणि सरळ जेवणाच्या हॉलमध्ये नेली. वाढप्याला विचारून त्या बाईंच्या टेबलापुढं थांबला.

"हात हलवणारा मीच. हा केकही माझाच. रोजचा पावही माझाच खाता तुम्ही. आता तोंडावर सांगा, मी चाचा आहे?"

बाई ताटलीकडं बघत बसल्या. त्यांचा नवरा खदाखदा हसला आणि टाळ्या वाजवू लागला. त्याचं बघून सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला. पार्टीतलंच नाटक वाटलं त्यांना!

अक्रमनं गाडी फिरवली, केक तळातल्या जेवणघरात नेला आणि भांडी घासणाऱ्यांपासून कपडे धुणाऱ्यांपर्यंत सगळ्यांना कापून वाटला. पुढच्या बंदरावर त्याला उतरवून घरी धाडलं.

आता तो बापाच्या भट्टीवर आहे. मधी जहाजावर नोकरी लावून देणाऱ्या एजंटाचा फोन आला, मॅनेजरची माफी माग, परत घेतील. अक्रमनं त्याला असं काही सुनावलं की गिऱ्हाईकं वळून बघायला लागली.

खाजाभाई म्हणाले, "लई दिवस झाले की रं. तुझा राग कवा जायचा?"

"जायला कशाला पायजे, अब्बा? तुमीच सांगा."

खाजाभाईंनी लेकाच्या हातातला ट्रे घेतला आणि म्हणाले, "न्हाय. माफी मागू नगंस."