दिलेला शब्द
वर्गात मी पहिलं महायुद्ध शिकवत होते. ऑस्ट्रियानं सर्बियावर हल्ला केला. सर्बियासाठी रशिया उठला, ऑस्ट्रियासाठी जर्मनी, रशियासाठी फ्रान्स, पाठोपाठ इंग्लंड. सगळे आपापल्या करारांत असे अडकले, की ज्यांना युद्ध नको होतं त्यांनाही मागे फिरता येईना.

सारिका उभी राहिली. "बाई, आमच्या चावडीजवळच्या दगडावर माझ्या खापरपणजोबांचं नाव आहे. ते या लढाईत इंग्रजांच्या फौजेतून फ्रान्सला गेले, ते परत आलेच नाहीत. त्यांनी कुणाला शब्द दिला होता?"

परक्या चिखलात, दुसऱ्यांच्या वचनांत अडकलेला तो माणूस माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

"घरून निघताना 'येतो' म्हणाले असतील गं," मी म्हणाले. "तेवढाच."