किरकिर ऐकणारा मेकॅनिक

ये गं, अशी जवळ बस. कॉम्प्युटरवर हात आपटून काय होणार? तुझी आई नववीत असताना आमच्या कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवरून चढवायचे; कॅसेटवर नुसती किरकिर असायची, ती ऐकून कॉम्प्युटर प्रोग्रॅम घ्यायचा. दुसऱ्या दिवशी शाळेत प्रदर्शन, आणि तिचा प्रोग्रॅम दरवेळी अर्ध्यात एरर देऊन थांबायचा. पोरगी रडायलाच लागली. मी टेपरेकॉर्डर उचलून बिंदू चौकातल्या रेडिओ मेकॅनिककडं नेला.

त्यानं कॅसेट लावली, डोळे मिटले आणि ती किरकिर गाण्यासारखी ऐकली.

"कॉम्प्युटर मी बघितला बी न्हाय, वैनी. पण आवाज घोगरा येतोय की! त्या बिचाऱ्याला ऐकूच येत नसंल."

आवाज धारदार होईपर्यंत तो टेपरेकॉर्डरच्या हेडचा, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाचा, स्क्रू केसाकेसानं फिरवत राहिला. घरी प्रोग्रॅम पहिल्याच झटक्यात चढला.

न कळणाऱ्या गोष्टीपुढं एवढा शांत बसणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. बरं, उद्या घरी गेलीस की लवकर ये परत, पुढच्या सुट्टीची वाट बघू नकोस.