पेन्सिलीची सालं

मुक्ताचा, म्हणजे माझ्या तिसरीतल्या मुलीचा, युनिफॉर्म धुवायला टाकताना मी आधी खिसे चाचपते. गेले कित्येक महिने त्यातून पेन्सिलीची सालं निघायची, नाजूक, लाल काठाची. हिची गणितं सगळ्यांच्या आधी होतात आणि मग बाई तिला वर्गभरच्या पेन्सिलींना टोकं करायला बसवतात. त्यातली छानछान सालं ती खिशात भरून आणायची.

पालकसभेत बाई म्हणाल्या, "मुक्ताची मला काळजीच नाही हो." मी तिथे खूश झाले. जिना उतरताना मात्र ते वाक्य टोचायला लागलं. जिची काळजी नाही, तिच्याकडे कुणी बघतं तरी का? बाई वाईट नाहीत. शाळेला निकाल वाढवून हवाय, म्हणून त्या दिवसभर काठावरच्या मुलांना वर ओढत असतात. मुक्ता आधीच वर आहे. तिथे ती एकटी काय करते, हे बघायला कुणाला वेळ आहे? तेव्हापासून शाळेतून आलेल्या प्रत्येक कौतुकाचा मला संशय येतो. गोड बोलून आपल्याला वाटेला लावलं, असं वाटतं.

या आठवड्यात खिसे रिकामे निघाले. दुसरी एखादी आई सुखावली असती. मी खिसा उलटा करून पाहिला आणि मुक्तालाच विचारलं.

"आता मी गणितं हळूहळू करते," ती म्हणाली. "सगळ्यांच्या बरोबरच संपवते."

आणि मग अगदी खुशीत, "बाई म्हणाल्या, आता कशी शहाण्यासारखी बसतेस!"